चाल राखणें : एका इंग्रजी वाक्प्रचाराचा विचार

इंग्रजी भाषेंत ‘टु कीप पेस विथ’ असा एक वाक्प्रचार आहे. वर्तमानपत्र उघडावें तर तो कोठें ना कोठें भेटतोच. पगार महागाईबरोबर ‘पेस’ राखीत नाहींत, पाण्याचा पुरवठा शहराच्या वाढीबरोबर राखीत नाहीं, कायदे यंत्रांबरोबर राखीत नाहींत, आणि एखादा विद्यार्थी वर्गाबरोबर राखीत नाहीं. वाक्प्रचार लहान आहे. त्यांतील प्रत्येक शब्द इंग्रजी शिकूं लागलेल्या मुलालाही ठाऊक असतो. तरीपण मराठींत तो उतरवितांना भल्याभल्यांची लेखणी अडखळते. कोणी ‘पावलावर पाऊल टाकणें’ असें लिहितो, कोणी ‘बरोबरी करणें’, कोणी ‘खांद्याला खांदा लावणें’, तर कोणी ‘जुळवून घेणें’. हे चारही प्रयोग मराठींत शुद्ध व रूढ आहेत. पण त्यांचे अर्थ चार दिशांना जातात, आणि मूळ वाक्प्रचार त्यांपैकीं एकाही दिशेनें सबंध जात नाहीं. तेव्हां त्याची थोडी फोड करून पाहणें उपयोगाचें होईल.

‘पेस’ हा शब्द इंग्रजींत फ्रेंचमधून आला आणि फ्रेंचमध्यें तो लॅटिनमधील ‘पासुस’ या शब्दापासून आला. ‘पासुस’ म्हणजे ताणलेल्या पायांची ढांग. रोमन लोक लांब अंतरें या ढांगांनीं मोजीत. एक पाय उचलल्यापासून तोच पाय पुन्हां टेकेपर्यंत त्यांचा एक ‘पासुस’ होई, म्हणजे सामान्य हिशेबानें दोन पावलें. आणि अशा १००० ढांगांचा एक मैल. ‘मैल’ हें नांवच मुळीं ‘हजार’ या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून निघालें आहे. पुढें एका पावलाचें अंतर हा अर्थ मागें पडून पावलें टाकण्याचा वेग हा अर्थ रूढ झाला, आणि घोड्याच्या निरनिराळ्या चालींनाही हाच शब्द लागूं लागला. विकत घ्यावयाचें जनावर मैदानांत चालवून, दुडकवून, पळवून पाहतात, त्यावरून एखाद्या मनुष्याची सर्व बाजूंनीं कसोटी पाहण्यालाही इंग्रजींत ‘पेसेस’ मधून नेणें असें म्हणतात.

मराठींतील ‘चाल’ या शब्दाचा संसार याहूनही मोठा आहे. मनुष्याची चाल, घोड्याची चाल, गाण्याची चाल, सोंगट्यांची चाल, शत्रूवर केलेली चाल, घराण्याची चाल, आणि शेवटीं चालीरीती व चालचलणूक! पायांपासून निघालेला शब्द नीतीपर्यंत जाऊन पोहोंचला. ‘पेस’ला जवळचा असा एकच मराठी शब्द सांगावयाचा तर तो ‘चाल’ हाच होय. ‘गति’ आणि ‘वेग’ हे शब्द पंडिती आहेत. त्यांत पायाचा आवाज ऐकूं येत नाहीं.

आतां ‘कीप’. हा शब्द दिसावयास भोळा, पण वाक्प्रचाराचा सारा जीव त्यांत आहे. जी वस्तु स्वभावतः हातून निसटणारी आहे ती धरून ठेवणें, हा त्याचा अर्थ. मराठींतील ‘राखणें’ याच जातीचें क्रियापद आहे. आपण शब्द राखतों, मान राखतों, तोल राखतों, अंतर राखतों. या साऱ्या गोष्टी न राखल्यास जाणाऱ्याच आहेत. म्हणून ‘पेस’ राखणें म्हणजे एकदां वेग गांठणें नव्हे. एकदां जोरानें धांवून पुढच्याला गांठतां येतें. त्याला इंग्रजींत वेगळा शब्द आहे, ‘कॅच अप’. गांठल्यावर मैलोन् मैल त्याच चालीनें चालत राहणें हें ‘पेस’ राखणें. पहिल्यांत जोर लागतो, दुसऱ्यांत दम लागतो. इ. स. १५९५ च्या सुमारास लिहिलेल्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’ या नाटकांत शेक्सपिअरनें हा प्रयोग केला आहे. रानांत भटकून थकलेली हर्मिया म्हणते तिचें तात्पर्य असें कीं, मनाची धांव मोठी आहे आणि पायांना ती झेपत नाहीं. म्हणजे सवाचारशें वर्षांपूर्वींच हा वाक्प्रचार दोन माणसांच्या पायांवरून उठून एकाच माणसाच्या मन आणि पाय यांच्यांत येऊन बसला होता.

भाषांतरकार ज्या ठिकाणीं हटकून फसतात तें ठिकाण असें. ‘पेस’ राखणाऱ्या दोघांचा वेग सारखा असतो. त्यांची जागा सारखी असते असें नाहीं. निमगांव केतकीहून दोन प्रवासी इंदापूरच्या रस्त्याला लागले, एक पहांटे आणि दुसरा तासाभरानें. दोघांची चाल अगदीं सारखी असेल, तर दुसऱ्यानें पहिल्याशीं ‘पेस’ राखला असेंच म्हणावें लागेल. पण इंदापूर येईपर्यंत तो तासभर मागेंच राहील. ‘बरोबरी करणें’ हा प्रयोग येथें साफ चुकतो. बरोबरी म्हणजे एका पातळीवर येणें. आणि इंग्रजी वाक्प्रचार पातळीविषयीं कांहींच बोलत नाहीं.

हा भेद केवळ व्याकरणाचा नाहीं, तो घरखर्चाच्या वहींतही उतरतो. महागाई भत्त्याची योजना याच तत्त्वावर चालते. केंद्र सरकारच्या नोकरांचा भत्ता वर्षांतून दोनदां, जानेवारी व जुलै या महिन्यांपासून, किंमतींच्या निर्देशांकाकडे पाहून बदलतात. हेतु हा कीं, पगारानें भावांबरोबर चाल राखावी. आतां समजा, एका गृहस्थाची मिळकत १०० रुपये आणि खर्च १२० रुपये आहे. भाव दुप्पट झाले आणि पगारही दुप्पट झाला. मिळकत २०० रुपये, खर्च २४० रुपये. पगारानें महागाईशीं चाल अगदीं चोख राखली. तरी दरमहा २० रुपयांची तूट होती ती ४० रुपयांची झाली! अर्थात् रुपयाचें मोलही निम्म्यावर आलें असल्यामुळें तूट खऱ्या अर्थानें होती तेवढीच राहिली, असें अर्थशास्त्री सांगतील, आणि तें खरें आहे. पण ती मिटली नाहीं, हेंही तितकेंच खरें आहे. जो आधींच मागें आहे त्याला चाल राखून भागत नाहीं. त्याला कांहीं काळ तरी अधिक वेगानें चालावें लागतें. ‘पगार महागाईची बरोबरी करूं लागले’ असें मराठी मथळ्यांत वाचणाराला मात्र वाटतें कीं आतां त्या घरांत ददात उरली नाहीं.

इंग्लंडांत माल्थस नांवाच्या धर्मोपदेशकानें १७९८ मध्यें लोकसंख्येवर जो निबंध प्रसिद्ध केला, त्याचें सारें म्हणणें या एका वाक्प्रचारांत बसतें. माणसें २, ४, ८, १६ अशीं वाढतात आणि धान्य २, ४, ६, ८ असें वाढतें. तेव्हां धान्याला माणसांबरोबर चाल राखतां येणार नाहीं, असें त्याचें भाकीत होतें. पुढें खतें, कालवे आणि सुधारलेलें बियाणें यांनीं धान्याची चाल त्याच्या कल्पनेबाहेर वाढविली, ही गोष्ट वेगळी. दुष्काळी पट्ट्यांत मोडणाऱ्या इंदापूर तालुक्याला याची प्रचीति आहे. १८८५ मध्यें पूर्ण झालेल्या नीरा डाव्या कालव्यानें ज्या टापूंत पूर्वीं पावसाकडे डोळे लावून बाजरी-ज्वारी पेरीत, त्याच टापूंत ऊंस उभा केला. मग उसाची भूक वाढूं लागली आणि पाण्याला तिच्याबरोबर चाल राखणें जड जाऊं लागलें. हा तिढा अजूनही सुटलेला नाहीं.

निमगांव केतकी हें गांव बारामती आणि इंदापूर यांना जोडणाऱ्या रस्त्यावर आहे, आणि देहूहून पंढरपुरास जाणाऱ्या तुकाराममहाराजांच्या पालखीचा तेथें मुक्काम पडतो. तुकोबांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनीं १६८५ मध्यें हा पालखी सोहळा सुरूं केला. ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून निघालेली पालखी पुणें, लोणी काळभोर, यवत, वरवंड, बारामती, सणसर या मार्गानें निमगांवास येते व तेथून इंदापुराकडे वळते. पुण्याच्या रस्त्यावर गॅलरींतून पालखी पाहणाऱ्या शहरी कुटुंबांना दिसते ती गर्दी. गर्दीची चाल दिसत नाहीं. ती पाहावयाची तर निमगांवसारख्या ठिकाणीं, उघड्या माळावरील रस्त्याच्या कडेला उभें राहिलें पाहिजे.

एक दिंडी म्हणजे पुढें पताका, मग टाळकऱ्यांच्या रांगा, त्यांच्यामध्यें मृदंग, विणेकरी, आणि पाठीमागें डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या बाया. अशा कित्येक दिंड्या, कांहीं रथाच्या पुढें आणि कांहीं मागें, ठरलेल्या अनुक्रमानें चालतात. रथ ओढणाऱ्या बैलांची चाल ही साऱ्या सोहळ्याची मूळ चाल. बैल कांहीं घाई करीत नाहींत, हें फार बरें आहे. मृदंगाचा ठेका अभंगाशीं बांधलेला, अभंग टाळांशीं बांधलेला आणि पाय टाळांशीं बांधलेले. त्यामुळें वेगळी आज्ञा देण्याची गरजच पडत नाहीं. रस्ता मोकळा असला म्हणजे ठेका सरळ चालतो आणि पाय पुढें जातात. पुढें अडथळा येऊन रथ मंदावला म्हणजे टाळकरी पावली खेळूं लागतात. पाऊल पुढें पडतें, मागें येतें, वळतें, पण ताल सुटत नाहीं. पाय थांबले तरी चाल थांबली नाहीं, असा हा प्रकार आहे. इंग्रजी वाक्प्रचारांत याला जागा नाहीं, कारण तेथें चाल म्हणजे अंतर तोडण्याचा वेग. वारींत चाल म्हणजे लय.

शिवाय दिंडींत म्हातारेही असतात. सत्तरी उलटलेली एखादी आजी रोज १५-२० किलोमीटर चालते ती तरुणांची बरोबरी करूं शकते म्हणून नव्हे, तर दिंडीची चालच तिला झेपेल अशी असते म्हणून. एखादा फारच मागें राहिला तर मागून येणारी दिंडी त्याला पोटांत घेते. सामानाचे ट्रक पुढें गेलेले असतात, पालें ठोकलेलीं असतात, आणि दिवेलागणीला तो आपल्या मुक्कामावर पोहोंचतो. मागें राहणें म्हणजे हरणें, हा अर्थ येथें कोणाच्या मनांतही येत नाहीं. रिंगणांत तर याची आणखी गंमत दिसते. निमगांवाच्या अलीकडे बेलवाडीला आणि पलीकडे इंदापूरला गोल रिंगण होतें. पताकावाले धांवतात, तुळशीवाल्या धांवतात, विणेकरी धांवतात, आणि मग स्वाराचा घोडा व देवाचा घोडा असे दोन घोडे भरधांव फेऱ्या घेतात. देवाच्या घोड्यावर कोणी बसत नाहीं. धांव खरी, दम खरा, टापांची धूळ खरी. पण पहिला आणि दुसरा असा निकाल तेथें नसतो, कारण वर्तुळाला शेवट नाहीं. लोक धांवतात ते घोड्यांच्या टापांखालची माती कपाळाला लावावयास.

वारी हा वर्षांतला एक दिवस झाला. उरलेल्या दिवसांत निमगांवच्या शेतकऱ्याला चाल राखण्याची विद्या बैलांकडून शिकावी लागे. जुवाखालीं दोन बैल असतात. त्यांतला एक आखडला कीं जूं तिरपें होतें आणि पुढें गेलेल्या बैलाच्या मानेवर सारा भार येतो. म्हणजे चाल न राखणाऱ्याचा भुर्दंड चाल राखणाराला पडतो. जाणता शेतकरी म्हणूनच दोन उत्तम बैल न घेतां एका चालीचे बैल घेई. पेरणीच्या वेळीं तर हें सूत्र आणखी नाजूक होतें. पाभर बैल ओढतात आणि मागून चालणारी बाई मुठीनें चाड्यांत बीं सोडते. बैलांचा पाय उचलला गेला आणि हात सावकाश राहिला तर पीक विरळ उगवतें. हात घाईचा झाला तर दाटी होते आणि बियाणें अपुरें पडतें. त्या बाईच्या पायांना बैलांची चाल राखावयाची असते, आणि तिच्या बोटांना तिच्या पायांची. पंधरवड्यानें रोप वर आलें म्हणजे तिनें चाल कशी राखली याचा दाखला शेतांत ओळीनें उभा राहतो. ‘कीप पेस’चा अर्थ एका दृष्टांतांत सांगावयाचा झाला तर शाळेंत कवाइतीपेक्षां हा दृष्टांत द्यावा. मुलांनीं पाभर पाहिली नसेल ही अडचण आहेच. ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्रांत चाकाच्या फेऱ्यांवरच बीं सुटतें आणि चाल राखण्याचें काम दांतेरी चक्रांकडे गेलें आहे.

मोटेचेंही तेंच. विहिरीवर मोट हांकणारा एक आणि वाफ्यांत दारें धरणारा दुसरा; दोघे एकमेकांना दिसत नसत, पण मोटेच्या चाकाच्या कुरकुरीवरून दारें धरणाराला पाण्याचा अंदाज येई. निमगांवच्या परिसरांत नागवेलीचे पानमळे आहेत, तेथें हा प्रकार थोडा उलटा होतो. वेलाला चढावयास शेवरीसारखीं झाडें लागतात आणि तीं वेलाच्या आधीं लावून वाढवावीं लागतात. आधारानें वेलाबरोबर वाढून चालत नाहीं, पुढें असावें लागतें. आणि तो फारच माजला तर सावली दाट होते म्हणून छाटावा लागतो. दरवर्षीं वेल उतरवून पुन्हां चढवावा लागतो तो वेगळाच. माळ्याचें निम्में आयुष्य या दोन वाढींचा मेळ घालण्यांत जातें.

आतां ‘पावलावर पाऊल टाकणें’ हा प्रयोग घेऊं. यांत एक पाऊल आधीं उमटलेलें आहे आणि दुसरें त्याच ठशावर पडतें. मुलगा बापाच्या पावलावर पाऊल टाकतो म्हणजे तो बापाचा धंदा, बापाचें वळण उचलतो. बाप हयात नसला तरी चालतें. यांत अनुकरण आहे, वेग नाहीं. इंग्रजींतही याला स्वतंत्र प्रयोग आहे. तेव्हां ‘भारतीय उद्योग जागतिक उद्योगांच्या पावलावर पाऊल टाकीत आहेत’ असें लिहिणारानें आपल्याला स्पर्धा सांगावयाची आहे कीं नक्कल, याचा आधीं विचार करावा.

‘खांद्याला खांदा लावणें’ याची गोष्ट निराळी. त्याचा जुळा भाऊ इंग्रजींत ‘अब्रेस्ट’ हा आहे. छातीला छाती लावून एका रांगेंत, असा त्याचा मूळ अर्थ. येथें वेगही सारखा आणि जागाही सारखी. हा प्रयोग रांगेनें चालणाऱ्या फौजेला आणि जहाजांना शोभतो. मराठ्यांच्या इतिहासांत याचें मोल पानिपतावर कळलें. इब्राहिमखान गारद्याच्या कवाइती पायदळाला आणि तोफांना धरून सबंध लष्करानें गोल बांधून एका चालीनें सरकावें, असा बेत होता. ज्या फौजेचें सारें नांवलौकिक तडफेच्या घोडदौडीवर उभें होतें, तिला ही पायदळाची चाल अंगवळणीं पडणें सोपें नव्हतें. शिवाय बरोबर कुटुंबें, यात्रेकरू आणि बाजारबुणगे यांचा लबाजमा होता. त्याची चाल तोफखान्याहूनही मंद. १४ जानेवारी १७६१ च्या लढाईंत घोडदळाच्या कांहीं तुकड्या पायदळाच्या पुढें निघून गेल्या आणि गोल फुटला. पराभवाची कारणें अनेक आहेत, तीं सारीं येथें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. पण तीन निरनिराळ्या चालींचीं माणसें एका मोहिमेंत बांधलीं गेलीं हें त्यांतलें एक कारण खासच होतें. येथें ज्यानें चाल मोडली तो मागें पडलेला नव्हता, पुढें गेलेला होता. चाल दोन्ही बाजूंनीं मोडतां येते, ही गोष्ट वाक्प्रचाराच्या रोजच्या वापरांत बहुधा विसरली जाते.

शहरी कुटुंबांना या वाक्प्रचाराचें जें रूप अधिक परिचयाचें आहे, तें अमेरिकेंत जन्मलें. १९१३ मध्यें न्यूयॉर्कच्या एका दैनिकांत आर्थर मोमंड नांवाच्या व्यंगचित्रकारानें ‘कीपिंग अप विथ द जोन्सेस’ ही चित्रमाला सुरूं केली. एक कुटुंब आपल्या शेजारच्या जोन्स कुटुंबाप्रमाणें राहण्याच्या हौसेनें कसें मेटाकुटीला येतें, याची ती कथा. गंमत अशी कीं, ज्यांच्यासाठीं हा खटाटोप चालला ते जोन्स या चित्रमालेंत कधींच दिसत नाहींत! चित्रकाराला मनुष्यस्वभाव कळला होता असें म्हणावें लागतें. शेजाऱ्यांकडे शीतकपाट आलें, म्हणून आपल्याकडे; त्यांची मुलगी नृत्याला जाते, म्हणून आपली; त्यांनीं लग्नांत अमुक पानें उठविलीं, म्हणून आपण त्याहून दहा अधिक. यांत शेजारी काय करतो हें कोणी धड पाहत नाहीं. त्याच्याविषयींच्या आपल्या कल्पनेशींच चाल राखणें चाललेलें असतें, आणि कदाचित् तोही पलीकडच्या भिंतीला कान लावून बसलेला असतो. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही आपली म्हण याच रोगावरची आहे. मात्र ती निजलेल्या माणसाला उद्देशून आहे, चालत्या माणसाला नाहीं. चालत्याला अंथरूण नसतें, आणि म्हणून ही म्हण ऐकूनही तो थांबत नाहीं. लुई कॅरोल यानें १८७१ च्या ‘थ्रू द लुकिंग-ग्लास’ या पुस्तकांत तांबड्या राणीबरोबर अॅलिस जीव तोडून धांवते आणि थांबून पाहते तों त्याच झाडाखालीं उभी असते, असा प्रसंग घातला आहे. १९७३ मध्यें व्हॅन व्हॅलेन या जीवशास्त्रज्ञानें प्राणिजातींच्या उत्क्रांतीविषयींच्या आपल्या सिद्धान्ताला या राणीचेंच नांव दिलें. हरिण वेगवान् झालें कीं चित्ता वेगवान् होतो, आणि दोघेही होते तेथेंच!

या साऱ्यांत एक प्रश्न वाक्प्रचार आपल्या पोटांत लपवून ठेवतो. चाल ठरविली कोणी? मुलाच्या प्रगतिपुस्तकांत ‘वर्गाबरोबर राहूं शकत नाहीं’ असा शेरा येतो तेव्हां पालक मुलाकडे पाहतात. वर्गाची चाल कोठून आली याकडे कोणी पाहत नाहीं. चाळीस मुलांना एक चाल नसते. पहिल्या बाकावरच्या चारांची एक, शेवटल्या बाकावरच्या चारांची दुसरी, आणि मधल्या बत्तीसांची हवामानाप्रमाणें बदलणारी. ‘वर्गाची चाल’ म्हणून जी सांगितली जाते ती बहुतेक वेळां पुस्तकाचीं पानें भागिले शाळेचे दिवस, एवढाच भागाकार असतो. भागाकार चुकीचा नसतो, पण तो मुलांना विचारून केलेला नसतो. आणि भागाकार म्हणजे वर्ग नव्हे. ज्या धड्यावर मुलें अडतात तेथें आठ दिवस थांबून, जो त्यांना सोपा जातो तो दोन दिवसांत संपविणारा शिक्षक वर्षाखेरीस त्याच पानावर येऊन पोहोंचतो. त्याच्या वर्गांत मागें पडलेलीं मुलें थोडीं असतात. रथ मंदावला म्हणजे पावली खेळावी, ही युक्ति त्याला ठाऊक असते. चार्ली चॅप्लिनच्या १९३६ च्या ‘मॉडर्न टाइम्स’ या चित्रपटांत सरकत्या पट्ट्यावरचे बोल्ट आवळतां आवळतां कामगाराचें डोकें फिरतें तें हाताला गति नाहीं म्हणून नव्हे. पट्ट्याची चाल दुसऱ्याच खोलींत बसलेला मनुष्य एक खटका दाबून वाढवीत असतो, म्हणून.

चाल ठरवून देणाराला इंग्रजींत ‘पेसमेकर’ असें नांव आहे. शर्यतींत तो पुढें राहून वेग बांधून देतो आणि शेवटीं बाजूला होतो. ६ मे १९५४ रोजीं ऑक्सफर्ड येथें रॉजर बॅनिस्टर यानें एक मैल ३ मिनिटें ५९.४ सेकंदांत धांवून चार मिनिटांची मर्यादा प्रथम मोडली, त्यांत ब्रॅशर आणि चॅटवे या दोन मित्रांनीं आळीपाळीनें पुढें राहून त्याला चाल दिली होती. नांव बॅनिस्टरचें झालें. १९५८ मध्यें स्वीडनमध्यें अशाच नांवाचें एक यंत्र प्रथमच रुग्णाच्या शरीरांत बसविण्यांत आलें. तेथें चाल राखणारें हृदय होतें. आज हा शब्द मराठी घरांत ‘आजोबांना पेसमेकर बसविला’ इतक्या सहजपणें बोलला जातो कीं त्यांत ‘पाऊल’ दडलें आहे याची कोणाला आठवणही नसते.

मराठींतील ज्या एका कलेनें या वाक्प्रचाराचा अर्थ पूर्ण ओळखला आहे ती गाण्याची कला, आणि तिचा शब्द ‘साथ’. तबलजी गवयाला साथ करतो म्हणजे त्याच्यामागून फरफटत जात नाहीं, आणि त्याच्यापुढें पळतही नाहीं. गवई विलंबित लयींत आलाप करीत दूर गेला तरी ठेका आपल्या जागीं राहतो, आणि समेवर दोघे एकत्र येतात. येथें चाल राखणें हें ओझें न राहतां सोबत होते. म्हणून जेथें मूळ इंग्रजी वाक्यांत सलोखा असेल, तेथें ‘साथ राखणें’ हा प्रयोग करण्यास हरकत नसावी.

पण सर्व ठिकाणीं नामावर भर देण्याची इंग्रजीची पद्धत मराठीनें उचललीच पाहिजे असें नाहीं. मराठीच्या व्याकरणांत ‘ज्या मानानें – त्या मानानें’ आणि ‘जसजसें – तसतसें’ अशी जोडशब्दांची सोय आहे. दोन गोष्टींच्या वेगांची तुलना करण्यास तिच्याइतकें नेमकें साधन इंग्रजीजवळही नाहीं. पगार आणि भाव यांच्याविषयींचें वाक्य ‘भाव ज्या मानानें चढले त्या मानानें पगार चढले नाहींत’ असें लिहावें. त्यांत बरोबरीचा घोटाळा नाहीं आणि पावलांचें रूपकही नको. लहान मुलगा वडिलांबरोबर चालतांना मागें राहतो तेव्हां ‘त्याला वडिलांच्या चालीनें चालवेना’ असें म्हणावें. या ‘चालवेना’मध्यें इच्छा आहे आणि अंगांत बळ नाहीं, हा हर्मियाच्या तोंडचा सगळा भाव एका शब्दांत येतो. एखादा डॉक्टर नव्या शोधांबरोबर ‘पेस’ राखतो असें असेल तर ‘नव्या शोधांची माहिती ठेवतो’ एवढें पुरे. आणि पुढें गेलेल्या फौजेबरोबर रसदेला चाल राखतां आली नाहीं, हें सांगावयाचें झालें तर बखरकारांच्या वळणानें ‘फौज पुढें गेली, रसद मागें राहिली’ असें लिहून मोकळें व्हावें.